धरणाकाठी मुक्काम: कुटुंब, कुत्रा आणि कॅम्परव्हॅन यांच्यासाठी जागा कशी निवडावी

पुण्याच्या आसपास पाण्याकाठी राहायचे म्हटले की पवना, पानशेत, वरसगाव, मुळशी, भाटघर ही नावे पुढे येतात. थोडे लांब जायची तयारी असेल तर भंडारदरा, उजनी आणि तापोळा. ही सगळी ठिकाणे धरणांची आहेत. ‘लेकसाइड’ म्हणून आपण ज्या जागेचे पैसे मोजतो, ती बहुतेक वेळा धरणाच्या फुगवट्याचा काठ असते आणि धरणाचे पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. ऑक्टोबरमध्ये तंबूसमोर पसरलेले पाणी मे महिन्यात भेगाळलेल्या गाळाच्या पट्ट्यापलीकडे गेलेले असते, आणि कॅम्पच्या जाहिरातीतला फोटो मात्र बाराही महिने ऑक्टोबरचाच असतो. म्हणून निवडीचा क्रम आधी महिना, मग धरण, मग त्या धरणाचा नेमका काठ आणि सर्वांत शेवटी कॅम्प, असा ठेवावा. प्रत्यक्षात बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो: कुणीतरी रील पाठवते, शनिवारचे बुकिंग होते आणि गाडी कुठवर जाईल याचा विचार कामशेत सोडल्यावर सुरू होतो.

दुसरी गोष्ट अशी की निवड करताना घरातल्या सर्वांत धडधाकट माणसाची सोय पाहू नये. दोन वर्षांचे मूल, गुडघे दुखणारी आजी, अनोळखी कुत्र्यांवर भुंकणारा लॅब्रॅडोर किंवा साडेतीन टनांची कॅम्परव्हॅन, यांपैकी ज्याच्या गरजा जास्त त्याच्या मापाने जागा पाहावी. बाकीच्यांना ती आपोआप पुरते.

महिना आणि पाण्याची पातळी

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची धरणे साधारणपणे जुलै-ऑगस्टमध्ये झपाट्याने भरतात आणि सप्टेंबरअखेरपर्यंत काठोकाठ असतात. त्यानंतर पिण्याचे पाणी, शेतीची आवर्तने आणि बाष्पीभवन यांमुळे पातळी उतरत जाते. मुळशीचा हिशोब थोडा वेगळा आहे. ते टाटांचे वीजनिर्मितीचे धरण आहे, त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जाते, त्यामुळे तिथली पातळी शेतीच्या वेळापत्रकाने ठरत नाही.

पाणी उतरले म्हणजे काठ किती लांब जातो, हे उतारावर अवलंबून असते आणि हा हिशोब घरबसल्या करता येतो. काठाचा उतार पंचवीस मीटरला एक मीटर असेल, तर पातळी चार मीटर खाली गेल्यावर पाणी शंभर मीटर मागे हटते. तीव्र उताराच्या काठावर तेच पाणी आठ-दहा मीटरच सरकते. मात्र तिथे पाणी लगेच खोल असते, म्हणजे लहान मुलांसाठी तो काठ धोक्याचा. सौम्य उतार मुलांना बरा, पण उन्हाळ्यात तिथे गाळ तुडवावा लागतो. दोन्ही गुण एकाच काठावर मिळत नाहीत. कोणता सोडायचा ते आपण ठरवायचे.

पातळी तपासण्यासाठी दोन साधने पुरेशी आहेत. जलसंपदा विभाग धरणांचा पाणीसाठा रोज जाहीर करतो आणि पुण्यातली वर्तमानपत्रे तो टक्केवारीत छापतात. दुसरे साधन म्हणजे गुगल अर्थ. त्यात जुन्या तारखांची उपग्रहचित्रे पाहता येतात. ज्या कॅम्पचा विचार चालला आहे, त्याचा एप्रिल-मेमधला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला काठ शेजारी शेजारी ठेवून पाहिला, की मालकाला विचारायचे अर्धे प्रश्न संपतात.

कुटुंब आणि कुत्र्यासह जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. भातकापणी झालेली असते, जमीन कोरडी असते आणि पाणी अजून जवळ असते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा पाण्याकाठी त्याहून जास्त गारठा जाणवतो आणि पहाटे तंबूच्या आतल्या बाजूनेही दवाचे थेंब गळतात. लहान मूल असेल तर एका पांघरुणाचा हिशोब दोन पांघरुणांचा करावा. मार्चनंतर तंबूत सकाळी आठच्या पुढे झोपता येत नाही. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी भंडारदऱ्याकडे झुंबड उडते, पण तो काळ विजांच्या कडकडाटाचा आणि वळवाच्या पावसाचा असतो. जून ते सप्टेंबर तंबूचा विचार सोडून द्यावा आणि पक्क्या खोलीत राहावे. या दिवसांत जिल्हा प्रशासन धरणे, धबधबे आणि घाटरस्ते यांबाबत मनाई आदेशही काढते, त्यामुळे निघण्याआधी ते पाहून घेणे आवश्यक असते.

कोणते धरण कोणासाठी

पवनेच्या काठावर कॅम्प सर्वांत जास्त आहेत, त्यामुळे दर, जेवण आणि सोयी यांत निवडीला वाव आहे. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही किल्ले जवळ असल्याने सकाळचा कार्यक्रम शोधावा लागत नाही आणि गरज पडली तर कामशेत, लोणावळा किंवा तळेगावला दवाखाना मिळतो. त्याची किंमत म्हणजे शनिवारची गर्दी. पानशेत-वरसगावच्या काठावर त्या मानाने शांतता असते, पण आत गेल्यावर मोबाइलची रेंज जाते आणि रात्री औषध मिळवायचे तर बरेच मागे यावे लागते. मुळशीला रस्ता सोपा आहे, मात्र पाण्यापर्यंत उतरता येईल अशा मोकळ्या जागा कमी आहेत आणि बराचसा काठ खासगी रिसॉर्टांच्या ताब्यात आहे. भोरकडचे भाटघर मला कुटुंबांसाठी अजूनही पुरेसे न वापरले गेलेले ठिकाण वाटते. सोयी कमी आहेत, पण पाणी लांबवर पसरलेले असते आणि भोर गाव हाताशी राहते.

भंडारदरा पुण्याहून दीडशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. तिथे एका रात्रीसाठी मुले आणि कुत्रा घेऊन जाण्यात अर्थ नाही. दोन रात्री हव्यात. तो परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, त्यामुळे कुत्रा बरोबर असेल तर कॅम्पची जागा आणि फिरण्याची वाट अभयारण्याच्या हद्दीत येते का, हे आधी विचारावे. भिगवणला उजनीच्या काठी हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तिथे मुलांना न्यावेच, पण कुत्र्याला घरी ठेवावे. उथळ पाण्यातले थवे एका भुंकण्याने उठतात, आणि उजनीचे पाणीही त्याच्या पोटात जाण्याजोगे नाही. तापोळ्याला शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, विस्तार सुंदर आहे, परंतु महाबळेश्वरहून खाली उतरणारा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा असल्याने मोठी कॅम्परव्हॅन तिकडे नेऊ नये.

शेवटचे दोन किलोमीटर

भाड्याच्या कॅम्परव्हॅन बहुधा टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेल्या असतात. हमरस्त्याला तिला काहीच अडचण नसते. अडचण येते ती गावातून काठाकडे उतरणाऱ्या वाटेवर. मालकाला ‘गाडी येते का?’ असे विचारले तर उत्तर नेहमी ‘येते की!’ असेच मिळते, कारण त्याच्या डोळ्यांपुढे स्विफ्ट असते. त्याऐवजी गावात एसटी येते का, ते विचारावे. एसटी गावापर्यंत जात असेल तर तिथवर ट्रॅव्हलरही जाते, कारण एसटी तिच्याहून लांबही आहे आणि उंचही. मग पुढचा प्रश्न: गावापासून कॅम्पपर्यंत दुधाचा किंवा सिलिंडरचा टेम्पो येतो, की सामान ट्रॅक्टरने आणावे लागते? ट्रॅक्टर हे उत्तर आले, तर कॅम्परव्हॅन गावातच राहणार असे समजावे.

उंचीचा अंदाज गाडी भाड्याने देणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर सोडू नये. छतावरचा एसी, सोलर पॅनेल आणि गुंडाळलेली कनात धरून जमिनीपासून सर्वांत वरच्या टोकापर्यंत टेपने मोजावे आणि तो आकडा चालकासमोर चिकटवून ठेवावा. गावाच्या प्रवेशाची कमान, रेल्वेखालचे भुयारी मार्ग, वाकलेली आंब्याची फांदी आणि घरांना जोडणाऱ्या लोंबत्या विजेच्या तारा या चारही गोष्टी मावळात सर्रास भेटतात. तारेखालून जाताना एकाने खाली उतरून लांबूनच पाहावे. बांबूने तार उचलून धरण्याचा उत्साह कुणी दाखवला तर त्याला आवरावे.

उताराचेही भान ठेवावे. संध्याकाळी पाच वाजता कोरड्या मुरमावरून खाली उतरणे सोपे असते, पण पहाटेच्या दवाने किंवा रात्रीच्या एका सरीने तीच वाट निसरडी होते आणि मागच्या चाकांवर चालणारी जड गाडी जागच्या जागी फिरत राहते. गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे आलेला असेल तर चढाच्या सुरुवातीला तो जमिनीला घासतो. लोणावळ्याकडून दुधिवरे खिंडीतून पवनेकडे उतरण्याऐवजी कामशेतहून पवनानगरला जाणे मोठ्या गाडीला सोयीचे असते.

गाडी कुठे उभी करायची

मावळातले अनेक कॅम्प भातखाचरांवर उभारलेले असतात. खाचर म्हणजे बांध घालून सपाट केलेला तुकडा, त्यामुळे तंबूला तो उत्तम. पण गाडी उभी करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. बांधाच्या कडेची माती भुसभुशीत असते. चाक बांधापासून निदान दीड मीटर आत ठेवावे. आणि खाचराचा पृष्ठभाग वरून टणक दिसला तरी खाली ओल असू शकते. टाच जोराने दाबून पाहावी. खूण उमटली तर जड गाडी तिथे नको. पाणी मागे हटल्यावर उघडा पडलेला धरणाचा तळ तर गाडीसाठी पूर्णपणे वर्ज्य मानावा. वरचा थर पापडासारखा सुकलेला असतो आणि खाली लोण्यासारखा गाळ. शिवाय ती जमीन धरणासाठी संपादित केलेली असते, म्हणजे तिथे मुक्काम करण्याची परवानगी कॅम्पवाला देऊच शकत नाही.

जागा ठरली की गाडीचे तोंड बाहेर जायच्या दिशेने करून उभी करावी, मोबाइलमधल्या लेव्हलच्या ॲपने सपाटी पाहावी, कमी पडेल त्या चाकाखाली लाकडी फळी सरकवावी आणि उताराच्या बाजूने चाकांना दगड लावावेत. थोडासा कल दिवसा जाणवत नाही, रात्री मात्र डोके खाली गेले की झोप लागत नाही.

विजेबद्दल नेमके विचारावे. दीड टनाचा एसी साधारण दीड ते दोन किलोवॉट वीज ओढतो. कॅम्पची वायरिंग ही बल्ब, पंखे आणि चार्जर यांच्या हिशोबाने केलेली असते, त्यातच शनिवारी संध्याकाळी गावाचे व्होल्टेजही पडते. मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन, सोळा ॲम्पिअरचा पॉइंट, एमसीबी (जादा भार आला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि चालू स्थितीतले अर्थिंग एवढे असेल तरच एसीचा विचार करावा. स्वतःची तीन तारांची जाड केबल न्यावी आणि ती पूर्ण उलगडून वापरावी, कारण गुंडाळी करून ठेवलेली केबल भार आला की तापते. खरे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर एसी लागतच नाही आणि हा सगळा परिच्छेद तुमच्यापुरता रद्द होतो.

सांडपाण्याची सोय हा आपल्याकडचा सर्वांत कच्चा दुवा आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी संडासाची टाकी रिकामी करण्याची खास सोय असलेल्या जागा अजून विरळच आहेत. ज्या कॅम्पला स्वतःची सेप्टिक टँक आहे, त्याच्या मालकाची परवानगी घेऊन तिथेच टाकी रिकामी करावी, आणि त्यासाठी टाकीत फॉर्मेलिनयुक्त रसायन वापरू नये, नाहीतर सेप्टिक टँकमधली जिवाणूंची प्रक्रिया बंद पडते. भांड्यांचे साबणपाणी काठावर ओतू नये. पानशेत, वरसगाव आणि टेमघरचे पाणी खडकवासल्यात येते आणि तिथून पुण्याच्या नळाला, पवनेचे पिंपरी-चिंचवडला. आपण ओतलेले आपल्याच घरी पोचते.

भाड्याच्या गाडीबरोबर बहुधा चालक येतो. त्याच्या झोपण्याची, जेवणाची आणि अंघोळीची सोय कॅम्पवर आहे का, हे बुकिंगच्या वेळीच ठरवावे. रात्रभर सीटवर अवघडून बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी घाटात गाडी चालवणार असतो.

ज्यांना काठापेक्षा गाडीची सोय महत्त्वाची वाटते, त्यांनी फरशीचे किंवा मुरूम दाबलेले आवार असलेले कृषी पर्यटन केंद्र किंवा पर्यटन महामंडळाचे निवास पाहावे. महामंडळाची निवासस्थाने कार्ला, पानशेत आणि भंडारदरा इथे आहेत. गाडी आवारात लावून तिच्यातच झोपू देतात का आणि कुत्रा चालतो का, हे त्या त्या ठिकाणी फोन करून विचारावे.

मुले आणि ज्येष्ठ

धरणाचे पाणी नदीसारखे वाहताना दिसत नाही, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. आत बुडालेले बांध, विहिरी, झाडांचे खुंट आणि जुन्या नदीपात्राची खोल घळ असते. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की तळ नाहीसा होतो. त्यामुळे पोहणे हा कार्यक्रमच ठेवू नये. बोटीत बसायचे असेल तर लहान मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट मागावे. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली निसटते. राज्याचे साहसी पर्यटन धोरणही २०२१ मध्येच आले आणि त्यात अशा उपक्रमांसाठी नोंदणीची तरतूद आहे. कयाक किंवा बोट चालवणाऱ्याकडे नोंदणी विचारायला संकोच करू नये.

लहान मुलांसाठी तंबू पाण्याच्या अगदी कडेला नको. सर्वांत पुढच्या ओळीचे पैसे जास्त असतात आणि फोटोही चांगले येतात, तरीही दुसरी किंवा तिसरी ओळ घ्यावी. तंबू आणि पाणी यांच्यामध्ये कुंपण, बांध किंवा निदान बसलेली माणसे असावीत. तंबूच्या ताणाच्या दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधाव्यात, कारण अंधारात पळणारी मुले त्यांनाच अडखळतात.

शौचालय पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात: कमोड आहे का, तंबूपासून किती पावले, आणि वाटेवर रात्रभर दिवा असतो का. माझ्या मते दहा माणसांमागे एक शौचालय ही खालची मर्यादा आहे. चाळीस जणांना दोन असतील तर रविवारी सकाळी रांग लागतेच. गरम पाणी बंबातून मिळत असेल तर ते किती वाजता मिळते तेही ठरवून घ्यावे. आजी-आजोबांसाठी जमिनीवरची गादी टाळून कॉट मागावी. कॉटचा फायदा गुडघ्यांपुरता नाही. मण्यार हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि त्याच्या दंशाची वेदना इतकी कमी असते की कित्येकदा चावल्याचे कळतच नाही. तंबू तळासकट शिवलेला आणि पूर्ण चेन लागणारा असावा, बूट बाहेर ठेवले तर सकाळी झटकून घालावेत. कापलेल्या भाताच्या पेंढ्याजवळ तंबू नको. तिथे उंदीर असतात आणि उंदरांमागे घोणस येते.

थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत किंवा गाडीत आणणे जीवघेणे आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. हे कॅम्पवरच्या पोरांनाही बजावून सांगावे, कारण पाहुण्यांची सेवा म्हणून ती शेगडी तेच आणून ठेवतात.

सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि तिथे सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून कळू शकते. १०८ ही रुग्णवाहिका आणि ११२ ही पोलिसांची मदत सगळीकडे एकच आहे, पण रेंज नसेल तर दोन्हींचा उपयोग नाही. म्हणून कोणत्या कंपनीची रेंज कॅम्पवर मिळते, ते विचारावे. त्याच कारणाने थोडी रोख रक्कमही जवळ असू द्यावी.

कुत्रा बरोबर असेल तर

‘पेट फ्रेंडली’ या शब्दावर विसंबू नये. कॅम्पवाल्याच्या लेखी त्याचा अर्थ ‘कुत्रा आणला तर आम्ही भांडणार नाही’ एवढाच असू शकतो. कॅम्पचे स्वतःचे कुत्रे किती आहेत आणि ते रात्री मोकळे असतात का, हा पहिला प्रश्न. प्रत्येक काठावर गावातल्या कुत्र्यांचा एक कळप असतो, बार्बेक्यूच्या वासाने तो येतोच, आणि शहरातला पाळीव कुत्रा त्यांच्या हद्दीत पाहुणा म्हणून वावरत नाही. कुंपण असलेली जागा किंवा टोकाचा तंबू मिळाला तर घ्यावा. कोंबड्या, शेळ्या आणि पाण्यावर जाणाऱ्या म्हशी यांचाही विचार हवा; कुत्रा पाच मीटरच्या दोरीवर असावा, मोकळा नको.

रात्री कुत्र्याला बाहेर बांधून कधीही झोपू नये. जुन्नर आणि आंबेगाव भागात, म्हणजे डिंभे, माणिकडोह, पिंपळगाव जोगा या धरणांच्या परिसरात, बिबट्यांचा वावर सर्वांना माहीत आहे. माणिकडोहला तर बिबट निवारा केंद्रच आहे. पण मावळ-मुळशीतही बिबट्या आहे, आणि कुत्रा हे त्याचे नेहमीचे भक्ष्य. रात्री कुत्रा खोलीत किंवा खिडक्या थोड्या उघड्या ठेवलेल्या गाडीत आपल्याबरोबर झोपेल, अशीच जागा निवडावी. तंबूत कुत्रा चालणार नाही असे कॅम्पवाल्याने सांगितले, तर ती जागा आपल्यासाठी नाही. दिवसा मात्र उन्हात उभ्या गाडीत त्याला बंद करून किल्ला पाहायला जाऊ नये.

पाण्याबाबत विशेष काळजी हवी. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरवा, रंगासारखा दिसणारा तवंग येतो. त्यातले निळे-हिरवे शेवाळ विषारी असू शकते आणि ते पाणी प्यायलेला कुत्रा काही तासांत दगावू शकतो. असा तवंग दिसला तर पाण्याजवळ जाऊच नये आणि एरवीही पिण्याचे पाणी घरून न्यावे. मच्छीमारांची जाळी काठाजवळच पसरलेली असतात; पोहणारा कुत्रा त्यांत अडकतो आणि जाळे फाटले तर नुकसान त्या माणसाचे होते. काठावर पडलेले गळ, तुटलेल्या बाटल्या आणि बार्बेक्यूनंतर टाकलेली कोंबडीची शिजलेली हाडे यांसाठी पोचल्यावर एकदा परिसर चालून पाहावा.

पावसाळा संपल्यावर गवत कमरेइतके असते तेव्हा गोचिडांचा सुळसुळाट असतो. निघण्याआधी पशुवैद्याकडून गोचीडनाशक औषध द्यावे, आणि परतल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बोट फिरवून तपासावे. गोचिडीचा ताप लगेच दिसत नाही. आठ-पंधरा दिवसांनी कुत्रा जेवणे सोडतो, हिरड्या फिकट होतात, लघवी गडद होते. तेव्हा सहलीचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिस या दोन्ही लसी चालू असाव्यात आणि लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

शेजार आणि जमीन

शनिवारी रात्री पवनेचा काठ म्हणजे एकामागोमाग निघालेल्या वराती असतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वाजवायला कायद्याने बंदी आहे, पण आपला कॅम्प नियम पाळत असला तरी पलीकडच्या काठाचा आवाज पाण्यावरून सरळ येतो. लहान मूल आणि आवाजाला घाबरणारा कुत्रा असेल तर रविवार-सोमवारची रात्र घ्यावी. दरही कमी असतो आणि मालकाला बोलायला वेळही असतो. शनिवारच हवा असेल तर फक्त कुटुंबांनाच घेणारा आणि निदान वीस तंबूंहून लहान कॅम्प पाहावा.

कॅम्पची जमीन मालकाची स्वतःची आहे का, हा प्रश्न उद्धट वाटेल, पण तो विचारावा. सातबारा त्याच्या नावावर असेल तर तो आनंदाने सांगतो. धरणाच्या संपादित जमिनीवर पसरलेल्या तंबूंवर अधूनमधून कारवाई होते, आणि त्या आठवड्यात तुमचे बुकिंग असेल तर आगाऊ पैसे परत मिळवण्यात महिना जातो. पावती मिळते का, हवामानामुळे रद्द झाले तर तारीख बदलून देतात का, या गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्याव्यात.

फोन आणि पोचल्यानंतरची तपासणी

फोन गुरुवारी दुपारी करावा. तेव्हा कॅम्पवर गर्दी नसते. “दादा, पाणी आज तंबूपासून किती पावलांवर आहे?” असे विचारले तर “समोरच आहे की” हे उत्तर येईल. मग म्हणावे, “जरा व्हिडिओ कॉल करून तंबूपासून पाण्यापर्यंत चालत जाता का?” त्या दोन मिनिटांत काठ, चिखल, शौचालय, कुत्रे आणि शेजारचा कॅम्प एवढे सगळे दिसते. चालायला नकार देणाऱ्याकडे आगाऊ पैसे पाठवू नयेत. जेवणात मुलांसाठी बिनतिखटाचे वरण-भात आणि सकाळी दूध मिळेल का, तेही याच फोनवर सांगून ठेवावे. ऐनवेळी तिखट रस्सा आणि पापड एवढेच उरते.

पोचण्याची वेळ दुपारी चारच्या पुढे जाऊ देऊ नये. सामान उतरवण्याआधी एकाने गाडीची जागा, एकाने शौचालय आणि एकाने कुत्र्याला घेऊन कुंपण पाहावे. तंबू ओढ्याच्या तोंडाशी किंवा एकट्या उंच झाडाखाली असेल तर तो हलवून मागावा. पुण्याकडे ढग भरून आले असतील, वाट निसरडी वाटत असेल किंवा शेजारी स्पीकरचे खांब उभे राहताना दिसत असतील, तर आगाऊ रकमेचा मोह सोडून उजेड आहे तोवर निघावे आणि त्यासाठी हमरस्त्यालगतच्या एखाद्या लॉजचा नंबर, कुत्रा चालतो हे आधी विचारून, जवळ ठेवावा.